पोटातलं पाणी

आमच्या राहुरीत सोपानरावांच्या गाडीतून फुकट जाता येतं. फक्त उतरताना ते खिडकीतून मान बाहेर काढून चारचौघांत विचारतात, "मळमळलं का?" नुसतं नाही म्हणून भागत नाही. अजिबात नाही की थोडंसं, हेही सांगावं लागतं.

गाडी जपानी, पांढरी, घरच्या माणसांसाठी बांधलेली सेडान. पाटबंधारे खात्याच्या खडखडत्या जीपमध्ये नोकरी काढलेल्या सोपानरावांनी निवृत्त होताच ती घेतली आणि तिच्याबरोबर एक जपानी इंजिनियरही घरी आणला. म्हणजे तो कुणी पाहिलेला नाही, पण सोपानराव त्याच्याविषयी थोरल्या मेहुण्यासारखं आदरानं बोलतात. पुढची काच एवढी पसरट का? "जपान्यानं इचार केलाय. नजर लांब गेली की गरगरत न्हाई." गाडी बुटकी का? वळणावर कलू नये म्हणून. चाकावरच्या स्प्रिंगा, सीटमधला फोम, सगळ्यांचा हेतू एकच, "पोटातलं पानी हालता कामा नये." हा वाक्प्रचार शब्दशः घेणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. कुणाला मळमळलंच तर दोष रस्त्याचा किंवा त्या माणसाच्या खानदानाचा. जपान्याचा कधीच नाही.

एका रविवारी त्यांनी मला आग्रह करकरून मिसळ खाऊ घातली. मी भारावलो. मग गाडीत घालून वांबोरी घाटात नेलं. उपाशी पोटाची परीक्षा खरी नसते, असं त्यांचं शास्त्र. कधी पुढे, कधी मागे बसवून, टायरमधली हवा कमीजास्त करून तोच घाट ते वरखाली करत राहिले. माझा चेहरा पांढराफटक पडल्यावर म्हणाले, तुमचं पित्तच मूळचं, गाडीचं काही चुकलेलं नाही.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं की हा माणूस चक्रम आहे. ती म्हणाली, सुमनकाकूंना गाडी लागते, माहीत नाही का?

सुमनकाकू म्हणजे सोपानरावांची बायको. एसटी असो, जीप असो, त्यांना ओकारी होतेच. स्कूटरवरून बाजारापर्यंत जातात, तेवढंच. माहेर पार राजूरला, वळणावळणांच्या डोंगरात. तिथे आई अंथरुणाला खिळलेली, आणि लेकीनं एकदा येऊन जावं म्हणून निरोपावर निरोप. सोपानराव आधी आमच्या पोटांवर खात्री करून घेत होते.

गेल्या महिन्यात एकदाचे निघालो. माझं पोट अनुभवी, म्हणून मला मागे बसवलं. अकोले गावापर्यंत काकू समोर लांब नजर लावून बसल्या होत्या. मग वळणं सुरू झाली. राजूर अगदी जवळ आलं आणि सोपानराव गाडी थांबवतात न थांबवतात तोच काकूंना भडभडून आलं. डॅशबोर्ड, सीट, काही राहिलं नाही.

गाडीत शेंगदाण्याचं टरफल पडलं तरी घर डोक्यावर घेणारा हा माणूस. त्यांनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. काकूंना धरून रस्त्याकडेला बसवलं, चूळ भरायला पाणी दिलं, आपल्या रुमालानं त्यांचं तोंड पुसलं. काकू शरमेनं रडायला लागल्या. "आवं, गाडी लई चांगली हाय. माझंच मेलं पोट वाईट."

"तुझं पोट ब्येस हाय," सोपानराव म्हणाले. "गाडीच भिकार हाय. त्या जपान्याला काडीची अक्कल न्हाई."

किल्ली माझ्या हातात देऊन त्यांनी गाडी मागून सावकाश आणायला सांगितली आणि काकूंचा हात धरून ते राजूरकडे चालत निघाले. मी सीट पुसत त्यांच्याकडे पाहत राहिलो. या माणसाविषयी एवढी माया मला आधी कधी वाटली नव्हती.