आधी आठवा फर्मा

त्या सकाळी बाइंडरने एक छोटासा निश्चय केला. आज आपण आधी बोलायचं नाही.

(निश्चय मोठा असला तर माणूस तो खुशाल मोडतो. छोटा मोडायची मात्र लाज वाटते.)

कारण पडद्याचं होतं. एका वाचनालयाचे जुने ग्रंथ बांधताना पाठीला लावायचं कापड थोडंसं कमी पडलं. दुकान बंद होतं. आणि झोपायच्या खोलीत निळा पडदा टांगलेला होता, चांगला जाडजूड, पक्क्या रंगाचा. बाइंडरने तो खालून हातभर कापला. ग्रंथ झकास झाले. पडदा मात्र खिडकीच्या मध्यावर येऊन थांबला, आखूड झालेली पँट घालून लग्नाला आलेल्या माणसासारखा.

"विचारायचं तरी," बायको म्हणाली.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारायचं असतं," असं म्हणून ती आत गेली, आणि घरातला आवाज बंद झाला.

त्या घरातली बाकी प्रत्येक वस्तू बाइंडरने तरी निवडली होती, नाहीतर बाइंडरच्या आईने. पडदा तेवढा बायकोने जाऊन आणलेला. हे त्याला ठाऊक होतं, फक्त कात्री हातात असताना लक्षात नव्हतं. ठाऊक असणं आणि लक्षात असणं यांच्या मधल्या फटीत पुष्कळ नवरे आयुष्य काढतात.

नेमकं त्याच दिवशी गणिताच्या बाईंचं पुस्तक बांधायचं होतं. पाचशे प्रती, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रकाशन. बाईंनी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि सत्तरी उलटल्यावर पहिलीवहिली कादंबरी लिहिली. तीही परीकथेसारखी. राजा होता, राजकन्या होती, राक्षस होता, पण ठरलेलं काम एकजण करत असेल तर शपथ. राक्षसाला रक्त बघून घेरी यायची. चेटकीण शाप द्यायची, पण अर्ज दोन प्रतींत मागायची. राजपुत्राला घोड्यावर बसलं की मळमळायचं. राजकन्या मनोऱ्यात कोंडलेली होती खरी, पण आतून कडी लावून.

प्रकरणं आठ. शीर्षकाचं पान पहिल्यात धरून प्रत्येक प्रकरण बरोबर सोळा पानांचं, कारण एका फर्म्यात, म्हणजे घडी घातलेल्या छापील कागदात, सोळा पानं बसतात ही चौकशी करूनच बाई लिहायला बसल्या होत्या. फर्मे देताना त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "नीट करा हं. दुसरं पुस्तक लिहायला मला वेळ मिळेलच असं नाही." ते वाक्य बाइंडरच्या मनात दिवसभर टोचत होतं.

आता या दोघांची कामाची रीत सांगायला हवी. लांब टेबलावर फर्म्यांचे आठ ढीग मांडायचे. मांडायचं काम तिचं, उचलायचं त्याचं. खिडकीकडून एक, दोन करत दाराकडे आठ. तो एकेक फर्मा उचलत पुढे सरकायचा आणि ती समोरून आकडा म्हणायची. "एक." "हं." "दोन." "हं." फर्म्याच्या पाठीवर बारीक आकडा छापलेला असतो, पण तो बघायची गरज त्यांना अठ्ठावीस वर्षांत पडली नव्हती. (खरं सांगायचं तर त्यांच्या संसारातलं निम्मं संभाषण हेच होतं.)

त्या दिवशी बाइंडर खिडकीपाशी खळ कालवत बसला होता. त्याच्याजवळ जायला नको म्हणून बायकोने दाराकडून मांडायला सुरुवात केली. एक दाराशी, आठ खिडकीशी. मग ती पुठ्ठे घेऊन स्वयंपाकघरात निघून गेली. बाइंडर उठला आणि नेहमीप्रमाणे खिडकीकडून उचलत सुटला. "एक कुठून?" एवढं विचारायचा अवकाश होता. पण विचारलं असतं तर निश्चय मोडला असता. पहिली प्रत चाळून बघायचीही पद्धत होती, पण बघितली की "बरोबर आहे ना गं?" असं म्हणावंच लागतं. तेही राहिलं. पाचशे प्रती शिवून, पुठ्ठे चढवून, कडा कापून संध्याकाळी तयार. इतकं शांतपणे काम कधी झालं नव्हतं, याचं बाइंडरला कौतुकही वाटलं.

प्रकाशनाला दोघं शेजारी शेजारी बसली, मधे एक प्रत ठेवून. बाई उठल्या. "पहिलं पान वाचून दाखवते," म्हणत त्यांनी पुस्तक उघडलं आणि थांबल्या. पुढचं पान बघितलं. मग शेवटचं. मग चष्म्यावरून सबंध सभागृहात नजर फिरवली.

बायकोने मधली प्रत उचलली, उघडली आणि पुटपुटली, "आठवा."

बाइंडरच्या मनात पहिला विचार आला तो असा, की ती आधी बोलली. दुसरा विचार यायला क्षणभर लागला. म्हातारीचं एकुलतं एक पुस्तक, आणि आपण ते शेपटाकडून बांधलं.

बाई मात्र वाचायला लागल्या होत्या. "लग्न लागलं, आणि आता आपलं काय काम, असा प्रश्न गोष्टीतल्या सगळ्यांना पडला."

लोक खळखळून हसले. पुढच्या वाक्याला जास्त हसले. पुस्तक एकशे तेराव्या पानापासून सुरू होतं आणि शीर्षक शेवटच्या फर्म्यात आहे, हे कळल्यावर तर मागच्या रांगेतले उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

कार्यक्रम संपल्यावर दोघं बाईंपुढे उभी राहिली, वह्या घरी विसरलेल्या मुलांसारखी.

"चूक आमची आहे, बाई," बाइंडर म्हणाला. "आम्ही बोलत नव्हतो."

"का?"

"पडद्यावरून."

बाईंनी हातातली प्रत पिशवीत टाकली. "दोन दिवस थांबा. मी असं वाचून बघते. मग ठरवू."

त्या दोन दिवसांत बाइंडरने एक अभूतपूर्व गोष्ट केली. स्वतः बांधलेलं पुस्तक वाचलं. बायको शेजारी बसून ऐकत होती. आधी लग्न. मग राक्षसाला आवरणं, रुसणं, एकमेकांना मनोऱ्यात शोधणं, आणि सगळ्यांत शेवटी पहिली भेट. अगदी शेवटच्या पानावर राजपुत्र विचारतो, "तुम्हाला काय आवडतं?" आणि राजकन्या म्हणते, "बसा. सांगायला वेळ लागेल."

बाइंडरने पुस्तक मिटलं. आपलंही असंच झालं की, त्याला वाटलं. आधी लग्न झालं, मग संसार झाला, आणि ओळख करून घ्यायची तेवढी राहून गेली. त्याला मनापासून वाईट वाटलं.

"नवा पडदा आणू या," तो म्हणाला. "तुला कसा आवडेल?"

"पिवळा."

"निळा आवडतो ना तुला?"

"निळा मला कधीच आवडला नव्हता. तेव्हाही पिवळाच घ्यायचा होता. तुमच्या आई म्हणाल्या, पिवळा मळतो."

"मग भांडलीस कशाला?"

"पडद्यासाठी कोण भांडलं?" ती म्हणाली, आणि मग बराच वेळ बोलत राहिली. बाइंडर बसून ऐकत होता. समोरचा चहा दोनदा गरम करावा लागला.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या. "चाळीस वर्षं मुलांना सांगितलं, आधी उत्तर लिहून मग पायऱ्या लिहायच्या नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि माझंच पुस्तक तसं केल्यावर जास्त चांगलं झालं. राहू द्या असंच."

महिन्याभरात प्रती संपल्या. दुसऱ्या आवृत्तीचे फर्मे आले. "अगदी तसंच बांधा," बाईंनी बजावलं. झोपायच्या खोलीत आता पिवळा पडदा होता आणि दोघांची गाडी रुळावर होती. "एक." "हं." "दोन." "हं." मधूनमधून गप्पा, हसणं. पाचशे प्रती कशा झाल्या कळलंच नाही.

बाईंनी प्रत उघडली. पहिल्याच पानावर शीर्षक, मग राजा, मग मनोरा. सगळं शिस्तीत.

"हे काय केलंत?"

"सवयीने झालं, बाई," बाइंडर ओशाळून म्हणाला. "आम्ही आता बोलतो ना."

"उसवा सगळ्या." मग त्या बायकोकडे वळल्या. "तुम्ही एक दिवस यांच्याशी बोलू नका."

"उगाच कसं जमेल?" बायको म्हणाली. "काहीतरी कारण लागतं."

बाइंडरने उसवलेल्या फर्म्यांकडे पाहिलं, बाईंच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. साहित्यासाठी माणसाने एवढा त्याग करायलाच हवा. तो खाकरला आणि म्हणाला, "आई म्हणायची ते काही खोटं नव्हतं. पिवळा मळतोच."

पुस्तक संध्याकाळपर्यंत बिनचूक उलटं बांधून झालं. तो सोमवार होता. बायको बोलली शुक्रवारी.