थोरल्या वेशीत अडलेला रिकामा टँकर

"हे तुम्हाला कुणालाच खरं वाटणार न्हाई," असं म्हणून शरणप्पांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला. औशाच्या बसस्टँडवर मुरुडच्या गाडीचा पत्ता नव्हता. बाकावर कस्तुराबाई नावाची एक बाई गाठोडं घेऊन बसलेली, शेजारी आणखी दोघं-तिघं पेंगत होते. शरणप्पांना एवढी सभा म्हणजे लई झाली.

गोष्ट लातूर जिल्हा नवानवा झाला तेव्हाची. आधी जिल्हा आला, त्याच्यामागून दुष्काळ आला, पाणी तेवढं यायचं राहिलं. शरणप्पांच्या कमानवाडीच्या विहिरीतली बेडकं म्हणे पोहायचं विसरून गेली होती. मग टँकर सुरू झाला. पण गावात शिरायला वाट एकच, थोरल्या वेशीतून. काळ्या दगडाची उंच कमान आणि दोन्ही अंगाला एकेक देवडी. पूर्वी तिथं पहारेकरी बसत, आता एका देवडीत शरणप्पांचं तंबाखूचं दुकान. टँकर वेशीबाहेर थांबायचा आणि म्हाताऱ्या बायका घागरी घेऊन चढ चढायच्या.

तेलाचा घाणा चालवणारे गुरुपादप्पा एका धोतरात दोन माणसांचा ऐवज वागवायचे. ते एक दिवस पहार घेऊनच आले.

"वेस पाडा. टँकर आत येऊ द्या."

"अप्पा, हिच्यातनं हत्ती जात होते," शरणप्पा म्हणाले.

"हत्ती पाणी आणत होता का?"

वेस गेली की दुकान जाणार, दुकान गेलं की शरणप्पा दिवसभर घरात बसणार. ह्याची धास्ती त्यांच्यापेक्षा त्यांच्या बायकोला, पार्वतम्माला, ज्यास्त होती. शरणप्पांनी काठी घेतली, टँकरची उंची मोजली, कमानीची मोजली, आणि जाहीर केलं, "जातो. वर बोटभर जागा उरती. घाल रे महेबूब."

ड्रायव्हर महेबूबनं बिस्मिल्ला म्हणून गाडी घातली. टँकर दिवस भरलेल्या बाईसारखा जपून जपून आत आला. कमानीचा टवकासुद्धा उडाला नाही. गुरुपादप्पांनी पहार पाठीमागं लपवली.

घागरी भरल्या, रांजण भरले, टँकर रिकामा झाला. महेबूबनं गाडी वळवली, वेशीत घातली आणि खाड्‌कन आवाज आला. टँकरचं टाळकं कमानीला थडकलं होतं.

"अरे, ह्याच कमानीतनं आला न्हाई का?" गुरुपादप्पा म्हणाले.

"तवा भरलेला होता, अप्पा. पाण्याच्या वजनानं चाकांवरचे पाटे दबले होते. आता गाडी उठली वर."

शरणप्पा टँकरकडं बघतच राहिले. पोट रिकामं झालं की माणूस वाकतो. हे सरकारी पोट रिकामं झाल्यावर ताठ झालं होतं.

"मग पाणी परत भरा," ते हळूच म्हणाले. बायकांनी त्यांच्याकडं असं बघितलं की उरलेलं वाक्य त्यांनी तंबाखूबरोबर गिळलं. पार्वतम्मा तर घरच्या रांजणावर जाऊन बसली.

"लवकर करा काही. पुढच्या गावचे टाकळीवाले सकाळपासून पाण्यासाठी बसून राहिले," महेबूब म्हणाला.

गुरुपादप्पांनी पहार उचलली. तेवढ्यात वेशीबाहेर जीप थांबली. नव्या जिल्ह्यातल्या जुन्या इमारती बघत हिंडणारे एक तरुण साहेब उतरले आणि कमानीवर हात फिरवत म्हणाले, "वा. ही कोणत्या काळातली?"

"दुष्काळातली, साहेब," शरणप्पा म्हणाले. "एका दुष्काळात बांधली, ह्या दुष्काळात पाडायला निघालेत."

साहेबांनी पहार बघितली. "ही वेस आता सरकारची. एक चिरा हलला तर खटला भरीन."

म्हणजे वेस हलायची नाही आणि टँकरही हलायचा नाही. गावात पाण्याखेरीज वजनदार असं काय होतं? शरणप्पांची नजर फिरत फिरत गुरुपादप्पांवर येऊन थांबली.

"मी न्हाई," गुरुपादप्पा म्हणाले.

"टाकळीच्या लेकराबाळांसाठी, अप्पा. पुण्य लागंल."

टाकळी गुरुपादप्पांच्या लेकीचं सासर. ते टँकरवर चढले. झाकणातून आत घालताना त्यांना तेल लावावं लागलं, तेही त्यांच्याच घाण्याचं, करडईचं. त्यांच्यामागून अख्खी पेठ आत उतरली. शेवटी साहेबही उतरले, कुणी नियम मोडत नाही ना हे बघायला. गाडी दबली. महेबूबनं दम धरून ती वेशीबाहेर काढली, आणि आनंदाच्या भरात पाणी भरायलाही न थांबता थेट टाकळीला नेली. तिथं बायका घागरी घेऊन धावल्या. एकीनं नळ उघडला, तर आतून गुरुपादप्पांचा आवाज आला, "धीर धरा, माय, पाणी अजून यायचंय."

बाकावरची माणसं हसली. कस्तुराबाई हसली नाही.

"काय हो मामा," ती म्हणाली, "माझा मालक ट्रकवर हाय. गाडी कमानीखाली अडली की तो चाकातली हवा कमी करतो, गाडी खाली बसती. तुमच्या एवढ्या गावात हे एकालाबी सुचलं न्हाई?"

शरणप्पांनी मुरुडची गाडी दिसते का ते बघितलं. दिसली नाही.

"बाई, त्या साली हवेचाबी दुष्काळ होता."

"व्हय," कस्तुराबाई म्हणाली. "सगळी तुमच्यातच भरली असंल."