अक्रोडाखालचं पान

"कावळ्याचं माझ्यावर सोड!" आश्लेषानं आईला ठणकावून सांगितलं होतं.

अमेरिकेत, ॲन आर्बरमधल्या तिच्या बाल्कनीत वर्षभरात साधी चिमणी फिरकली नव्हती. पण आश्लेषा पडली संशोधक! पक्ष्यांच्या नोंदींचं ॲप पालथं घालून तिनं निष्कर्ष काढला: गावाबाहेरच्या वृक्षोद्यानात, काळ्या अक्रोडावर, सकाळी कावळ्यांची शाळा भरते. बाबांचं वर्षश्राद्ध नेमकं शनिवारी आलं. सगळे सहलीसारखे निघाले: आश्लेषा, नवरा देवदत्त, चिप्सचं पाकीट घेतलेली लेक आन्या, आणि मांडीवर डबा आवळून धरलेली आई.

आईला एकच जाणून घ्यायचं होतं, बाबा रागावून तर गेले नाहीत ना. शेवटच्या संध्याकाळी त्यांनी पापड मागितला होता. बीपीमुळे तिनं दिला नव्हता. त्याच रात्री ते गेले. तेव्हापासून तिनंही पापड तोंडाला लावला नव्हता.

अक्रोडाखाली केळीचं पान मांडलं. वरणभात, वडा, खीर. कावळे होते की! पण मुलाखतीला बसलेल्या साहेबांसारखे वरूनच बघत होते.

"इच्छा राहिलीय त्यांची," आई पुटपुटली. "सांगा काहीतरी."

देवदत्तनं हात जोडले. "बाबा, आईंना मी काही कमी पडू देणार नाही."

कावळे ढिम्म!

"गाडीपण हळू ड्राइव्ह करीन."

ढिम्म!

"आजोबा, आय विल प्रॅक्टिस मराठी. प्रॉमिस!" आन्या म्हणाली. त्यावर एक कावळा उडूनच गेला.

तेवढ्यात तळ्याकडून एक जाडजूड हंस डुलत आला. सरळ भातात चोच! "हाड! हाड!" देवदत्त धावला, तर हंसच फिसकारून त्याच्या मागे लागला. जावई बाकावर चढले! हंसानं पुन्हा एक घास घेतला, मान झटकली आणि पान तसंच टाकून चालता झाला.

"हंसालासुद्धा आवडलं नाही," आई रडवेली झाली.

बाकावरून उतरून देवदत्तनं डब्यातला उरलेला भात चाखला. "आई... मीठ?"

श्राद्धाचा स्वयंपाक आधी चाखायचा नसतो, म्हणून कोणालाच कळलं नव्हतं. इथं आल्यापासून आश्लेषाच रांधायची. आज आई वर्षभरानं बाबांसाठी ओट्याशी उभी राहिली होती आणि हातानं नेहमीसारखं मीठ वगळलं होतं.

 आईनं आन्यापुढे हात पसरला. "दे गं ते."

पानावर दोन चिप्स पडतात न पडतात तोच मागून आवाज आला, "इथं प्राण्यांना खायला घालायचं नाही!" हिरव्या जाकिटातल्या, उद्यानाच्या स्वयंसेवक आजी होत्या.

"खायला घालत नाही आहोत," आश्लेषा इंग्रजीत गडबडली. "ते... माझे वडील आहेत."

"कोणते?"

तिनं फांदीकडे बोट दाखवलं. आजींनी कावळा पाहिला, पान पाहिलं, आई पाहिली. "मला जरा पलीकडचा मेपल बघायचाय," म्हणाल्या, आणि पाठ करून उभ्या राहिल्या.

कावळा आला. पहिला चिप. दुसराही.

"बास!" आईनं पाकीट मुडपून बाकावर ठेवलं. "बीपी आहे तुम्हाला." आणि डोळे पुसायला तोंड फिरवलं.

आईची पाठ वळायचाच अवकाश! कावळ्यानं अख्खं पाकीट उचललं आणि 'खायला घालू नये'च्या पाटीवर बसून फाडलं.

"तुमच्या वडिलांना सांगा," मेपलकडे बघतच आजी म्हणाल्या, "पाकीट तेवढं खाली टाकू नका."

आश्लेषानं आईला मराठीत सांगितलं.

"ते ऐकायचे नाहीत," आई म्हणाली. "चाळीस वर्षं मीच उचलत आलेय." आणि पाटीखाली जाऊन, ओंजळ धरून उभी राहिली.