तीन रूट आणि उरलेलं एक कार्ड

बायकोच्या शिवणकामाच्या दुकानाचं उद्घाटन ठरलं आणि नकाशेबुवांनी आमंत्रणं वाटायचं काम आपणहून अंगावर घेतलं. खुर्च्या पुसायचं कामही शिल्लक होतं. ते घेतलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

कुरिअरच्या गोदामात रोज हजारभर पत्त्यांचे गट पाडून डिलिव्हरीवाल्यांना सारखं काम वाटून द्यायचं, ही त्यांची नोकरी. (नकाशेबुवा हे नाव ऑफिसातलं. घरी त्यांना नावानं हाक मारायच्या भानगडीत कोणी पडत नसे, थेट कामच सांगत.)

"एकशे बारा घरं आहेत," बायकोनं यादी दिली. "आणि सगळ्यात आधी ताईला द्या."

ताई म्हणजे बायकोची सख्खी मोठी बहीण, राहायला बरोबर वरच्या मजल्यावर. बायकोच्या हातात पहिली कात्री ताईंनीच दिली होती. पुढे पाण्याच्या मोटरवरून दोघींचा अबोला झाला, तो दोन वर्षं टिकला आणि आत्ता महिन्यापूर्वी कुठे सुटला होता.

"आधी-नंतर आपण नाही ठरवायचं," नकाशेबुवा म्हणाले. "अंतर, वळणं, सिग्नल, सगळं ऑफिसचा प्रोग्राम बघतो."

"तो ताईला ओळखतो का?"

नकाशेबुवांनी हसून यादी प्रोग्रामात टाकली. प्रोग्रामनं चुटकीसरशी तीन रूट काढले: एक त्यांचा, एक मुलाचा, एक मुलीचा. प्रत्येकी सदतीस घरं! असा समतोल ऑफिसातही कधी साधला नव्हता. त्या आनंदात सदतीस त्रिक किती, हे बघायचं राहून गेलं.

प्रोग्रामनं दर घरी दोन मिनिटं धरली होती. पण "बसा हो, पाणी तरी घ्या" म्हणणाऱ्या माणसांची त्यात सोयच नव्हती. तीन तासांचं काम तीन दिवस चाललं. शेवटी एक कार्ड उरलं. 'प्रेसवाल्यानं एक जास्तीचं छापून दिलं, भला माणूस,' म्हणत नकाशेबुवांनी ते ड्रॉवरमध्ये टाकलं.

उद्घाटनाला सकाळी दहा वाजता दुकान भरून गेलं. बायको कात्री घेऊन रिबनीपाशी उभी, नजर मात्र रस्त्याकडे.

"ताई का नाही आली? तिला कार्ड कोणी दिलं?"

"मावशी माझ्या रूटवर नव्हती," मुलगा म्हणाला.

"माझ्याही नव्हती," मुलगी म्हणाली.

दोघांनी बाबांकडे पाहिलं. आत्ता बाबांना आठवलं. निघायचा आणि पोचायचा पत्ता एकच असेल तर डिलिव्हरी झाली असं समजायचं, हा नियम त्यांनी स्वतःच प्रोग्रामात घातला होता. (त्याबद्दल साहेबांनी पाठही थोपटली होती.) आणि ताईंची इमारत तीच, फाटक तेच, घरनंबरही तोच!

"दोन वर्षांनी बोलायला लागली होती हो ती माझ्याशी," बायको म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

नकाशेबुवा धावत सुटले. दोन गल्ल्या, ड्रॉवर, कार्ड, अठरा पायऱ्या. ताईंचं दार उघडंच होतं. ताई नवे कपडे घालून, पायात चपला, मांडीवर पर्स घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. सकाळपासून बसल्या असाव्यात. नकाशेबुवांना फार वाईट वाटलं.

"गावभर फिरलात म्हणे. अठरा पायऱ्या जड झाल्या?"

"चूक माझी आहे, ताई. आपला पत्ता एकच ना, प्रोग्रामला वाटलं तुमचं पोचलंच."

"आणि तुम्हाला काय वाटलं?"

नकाशेबुवांनी दोन्ही हातांनी कार्ड पुढे केलं. ताईंनी ते न वाचताच पर्समध्ये ठेवलं आणि उठल्या.

"चला. ती अजून कात्री वाकडी धरते."

रिबन दोघी बहिणींनी मिळून कापली. दोघी रडल्या, मग हसल्या, आणि नकाशेबुवांनी सुटकेचा निःश्वास टाकला. खाऊचे बॉक्स वाटायचं काम ताईंनी हातात घेतलं. धावपळीनं भूक खवळलेले नकाशेबुवा रांगेत उभे राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा एकच बॉक्स उरला होता. ताईंनी तो पुढे केला आणि पटकन मागे घेतला.

"तुमचा पत्ता?"

"अहो ताई, तुमचाच की! खालचा मजला."

"मग तुमचं पोचलंच असेल," ताई म्हणाल्या आणि बॉक्स मागे उभ्या असलेल्या प्रेसवाल्याला दिला.