तीन ठिकाणी ब्लॉक

किन्हवलीच्या हरेशने टेस्ट प्लॅन लिहिला की त्यात खोट काढणारा अजून जन्माला यायचाय! असं हरेश स्वतःच सगळ्यांना सांगायचा. त्याचं काम तसं साधं. ठाण्याच्या कंपनीने बनवलेल्या सॉफ्टवेअरवर एकाच वेळी हजारो माणसं तुटून पडली तर ते टिकतं की आडवं होतं, हे आधीच बघायचं. पहिल्यांदा प्लॅन लिहायचा, मग मशीनवर खोटी गर्दी सोडायची, म्हणजे स्ट्रेस टेस्ट करायची, मग रिपोर्ट लिहायचा. या वेळचा प्लॅन तर चांगला जाडजूड झाला होता. काय काय बिघडू शकतं याचा त्यात वेगळा तक्ता! वीज जाईल, नेट जाईल, सर्व्हर झोपेल, सगळं लिहिलं होतं. शेजारच्या सकुबाई तेवढ्या राहून गेल्या.

झालं असं, की हरेश काम घरूनच करायचा, पण घरात फोनला रेंज नाही. फोनवर बोलायचं तर सकुबाईंच्या खळ्यात जाऊन उभं राहायचं, आणि तिथेही रेंज जेमतेम, म्हणून बोंबलायचं. त्या सकाळी हरेश मॅनेजरशी बोंबलत होता आणि सकुबाई तांदूळ पाखडता पाखडता सूप हातात धरून थांबल्या होत्या.

"सर, स्ट्रेस टेस्टचा रिपोर्ट वाईट आलाय! फेल, साफ फेल! जरा लोड वाढला की धाप लागते! आत ब्लॉक आहेत सर, एक नाही, तीन ठिकाणी! नाही नाही, वरवरच्या उपायाने नाही भागणार, उघडूनच बघावं लागेल! आणि तारीख पुढे ढकला! अशा अवस्थेत तारीख धरली तर चारचौघांत कोसळेल!"

आता सकुबाईंच्या नवऱ्याला गेल्याच वर्षी दवाखान्यात पट्ट्यावर पळवून स्ट्रेस टेस्ट केली होती. त्यामुळे अख्ख्या आळीत या विषयातलं जाणकार माणूस एकच, सकुबाई! आणि तारीख कसली, हे विचारायची गरजच नव्हती. पुढच्या आठवड्यात हरेशचा साखरपुडा होता.

"अगो देवके!" सूप टाकून त्या हरेशच्या आईकडे धावल्या. "तुझ्या पोराच्या काळजात तीन बलाक हायत गो! उघडून बघायचं म्हणतात!"

हरेश घरी आला तर आई तोंडाला पदर लावून रडतेय, आणि बाप, म्हणजे महिपतराव, पायरीवर डोकं धरून बसलेत.

"आमाला का नाय सांगितलंस रे?" महिपतराव म्हणाले. "कवापासून हाय तरास?"

"मॅनेजरचा? पहिल्या दिवसापासून!"

आई आणखी मोठ्याने रडायला लागली.

हरेशने जीव तोडून समजावलं. आईबापांना दुपारपर्यंत पटलंही. पण सकुबाईंची बहीण दिलीय मुरबाडकडे, थेट नवरीच्या, म्हणजे नम्रताच्या गावात! आणि फोन काय एकट्या हरेशकडेच असतो का?

संध्याकाळी हरेश खळ्यात उभा असताना नम्रताचा फोन आला. "बाबा नाय म्हणतात. आजारी पोराला पोरगी देत नाय म्हणतात." एवढं बोलून ती रडायलाच लागली. नम्रतावर त्याचा जीव होता, आणि तिच्याशिवाय जगात दुसरी कोणी आपल्याला सहन करणार नाही, हेही त्याला पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने बापाला बरोबर घेऊन कल्याण गाठलं आणि दवाखान्यात जाऊन सांगितलं, "माझी स्ट्रेस टेस्ट करा."

"काय त्रास होतो?" डॉक्टरांनी विचारलं.

"गैरसमजाचा!"

डॉक्टरांनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि पट्ट्यावर चढवलं. छातीला वायरी लावून हरेश नम्रताचं नाव घेत असा पळाला, असा पळाला, की शेवटी डॉक्टरच म्हणाले, "अहो, पुरे आता!" रिपोर्ट एकदम चोख आला. तो घेऊन बापलेक तडक मुरबाडला. नम्रताच्या वडिलांनी, धर्मामामांनी, चष्मा लावून रिपोर्ट उलटसुलट बघितला. नम्रता दाराआड उभी होती.

"काळीज तर ठणठणीत हाय," धर्मामामा म्हणाले. "मग फेल काय झालं व्हतं?"

हरेशची कळी खुलली! "मामा, ते आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर! तेच फेल झालं!"

"कंपनीचा माल फेल?"

"साफ फेल!"

"तीन ठिकाणी?"

"काल परत बघितलं मामा, आता पाच ठिकाणी सापडलंय!"

"आन् हे शोधून काढलं कोणी?"

"मीच!" हरेशची छाती फुगली. "नुसतं शोधलं नाही, लिहूनसुद्धा दिलं. हा माल असा बाजारात नेला तर तोंडावर आपटेल, असं स्पष्ट लिहिलंय!"

धर्मामामांनी चष्मा काढला.

"म्हणजे ज्या मालावर तुमचा पगार, तोच खोटा हाय, असं तुमीच कंपनीला लिहून दिलंत? अहो, काळजाला काय असतं तर आमी गोळ्या देऊन चालवलं असतं. कंपनी बसल्यावर तिला कुठली गोळी द्यायची? चहा घ्या, पाव्हणं. साखरपुड्याचं मागनं बघू."

दाराआडून हुंदका आला. हरेश "मामा, तसं नाही..." म्हणत उठायला लागला, तोच महिपतरावांनी त्याच्या सदऱ्याला धरून त्याला खाली बसवलं.

"आता समजावू नको रे बाबा," ते कानात म्हणाले. "आजारी व्हतास तवाच बरा व्हतास!"