हरकतदार क्रमांक एक

गावासाठी लढायचं असं मी कधीही ठरवलेलं नव्हतं. मी ठरवलं होतं ते एवढंच, की दारात आलेल्या दोघांना लवकर वाटेला लावायचं, कारण आत बंबातलं पाणी तापलं होतं आणि अंगावर फक्त टॉवेल होता.

दारात होते निवृत्त मास्तर आणि कोपऱ्यावरचे शिंपी. मास्तरांच्या हातात एक लांबलचक कागद होता. आमच्या गावाला वेढून जो मोकळा माळ आहे तो संरक्षित हरित पट्टा आहे, तिथे वीटही ठेवता येत नाही, हे मला ऐकून माहीत होतं. मास्तरांनी सांगितलं, की आता एका बिल्डरने तिथे रो-हाउसेस बांधायची परवानगी मागितली आहे, माळ पुरा जाणार, आणि हरकत घ्यायला थोडेच दिवस उरलेत. कागदावर हरकत सुवाच्य अक्षरात लिहिलेली होती. खाली सह्यांची जागा मात्र कोरी होती. सगळं गाव विरोधात होतं, पण पहिली सही करायला कुणी तयार नव्हतं. शिंपी म्हणाले, की माझं अक्षर लहान आहे, ते वर शोभत नाही. मास्तर म्हणाले, की मजकूर माझा आहे, सहीही माझीच पहिली आली तर लोक नावं ठेवतील.

मी सही केली. (सही करणं हे माझं पोट भरण्याचं साधन आहे. वीज मंडळाच्या कचेरीत मी दिवसभर तेच करतो आणि कशावर केली हे संध्याकाळी आठवत नाही.) बायको आतून विचारत होती, की कसली सही, मीपण करते. मी म्हटलं, घरटी एक पुरे. मग मी आंघोळीला गेलो.

आता सरकारी कामाची एक रीत आहे, ती मला कारकून असून ठाऊक नसावी ही शरमेची गोष्ट. कागदावर ज्याची सही पहिली, तो अर्जाचा मालक. बाकीचे कितीही असोत, ते ‘व इतर’. पंधरवड्याने मला नोटीस आली, त्यात माझा उल्लेख ‘हरकतदार क्रमांक एक’ असा होता. अधिकारी अमुक दिवशी स्थळपाहणीला येत आहेत, हरकतदार क्रमांक एक यांनी स्वतः हजर राहून हरकतीत नमूद केलेल्या बाबी जागेवर दाखवाव्यात, इतरांनी गर्दी करू नये. मी मास्तरांकडे धावलो. ते म्हणाले, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. पाहणीच्या दिवशी ते इतके पाठीशी होते की मला दिसलेच नाहीत.

अडचण अशी होती, की त्या माळावर मी आयुष्यात कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. आमचं घर अगदी माळाच्या कडेला आहे हे खरं. पण बस पुढच्या रस्त्याला येते. दुकान पुढे, न्हावी पुढे, कचेरी पुढे. मागच्या बाजूला माझं काही कामच नव्हतं. माळावर जायची ती बायको. रोज सकाळी मी पेपर वाचत असताना ती मागच्या दाराने जायची आणि माझा पेपर संपायच्या आत यायची. व्यायामाला जाते, असं मी धरून चाललो होतो.

मी तिला म्हटलं, “अगं, त्या दिवशी तूच दाखव ना साहेबांना.”

“सही कुणाची आहे?” ती म्हणाली.

“माझी.”

“मग दाखवा तुम्हीच. घरटी एक पुरे.”

तरी तिने मला शिकवलं. माळावर उतरलं की आधी झरा लागतो. त्याच्या पुढे खडकाळ जागेत टिटव्या उघड्यावर अंडी घालतात, ती खड्यांसारखीच दिसतात, म्हणून जपून पाय टाकायचा. मग एकटं मोठं झाड. मी हे तीन दिवस पाठ केलं. तिने परीक्षा घेतली, तेव्हा मी टिटव्या झऱ्यात आणि अंडी झाडावर घातली. शेवटी तिने पाहणीच्या आदल्या संध्याकाळी मला खिडकीत उभं केलं, बोटाने जागा दाखवल्या, आणि तिथे खुणेच्या काठ्या रोवून या म्हणाली. मी एक जुनी लाल चादर फाडून काठ्यांना पट्ट्या बांधल्या. (चादर माझ्या बहिणीने दिलेली होती, त्यामुळे ती फाडताना बायको कात्री स्वतः घेऊन आली.) मी सवयीने पुढच्या दाराने निघून वळसा घालून गेलो आणि काठ्या रोवून अंधार पडता पडता तसाच परत आलो, त्यामुळे आजूबाजूचं काही धड दिसलं नाही. तेवढ्यात दोन ठिकाणी पडलो, पण खुणा झाल्या. उद्या फक्त लाल चिंध्या बघत चालायचं होतं.

मला जे माहीत नव्हतं ते असं. बिल्डरच्या माणसालाही त्याच दिवशी जागा दाखवायची होती. घरं कुठे येणार, रस्ता कुठून जाणार, हे साहेबांच्या नीट लक्षात यावं म्हणून त्याच्या गड्यांनी पाहणीच्या सकाळीच माळावर खुंट्या ठोकल्या. खुंट्यांना त्यांनी फडकी बांधली, आणि लाल रंग काही माझ्या बहिणीच्या मालकीचा नाही.

साहेब आले. बोलण्यात फार काटकसरी माणूस. हातात टिपणवही, पायांत नवे बूट. बरोबर बिल्डरचा माणूस, गळ्यात टाय, काखेत नकाशाची गुंडाळी. मी इस्त्रीचा शर्ट घालून पुढे झालो. माळावर बघतो तर लाल चिंध्या काल होत्या त्यापेक्षा जास्त. मला वाटलं, उजेडात जास्त दिसत असतील. काही वेड्यावाकड्या, लांब लांब होत्या. काही अगदी सरळ रेषेत, सारख्या अंतरावर. कारकुनाचा सरळ रेषेवर फार विश्वास असतो. मी त्यांच्याकडे निघालो.

पहिल्या खुंटीजवळ थांबून मी म्हणालो, “साहेब, हा झरा.”

साहेबांनी खाली पाहिलं. भेगाळलेली जमीन होती, तिच्यावर एक सरडा ऊन खात बसला होता. बिल्डरचा माणूस नम्रपणे म्हणाला, की इथे आमचं क्लब-हाउस येतंय. मी म्हणालो, झरा हंगामी आहे. साहेबांनी लिहून घेतलं.

दुसऱ्या खुंटीशी मी टिटव्यांची अंडी दाखवली. साहेब वाकून बराच वेळ शोधत राहिले. त्यांना एक फाटकी चप्पल सापडली. मी समजावून सांगितलं, की ही अंडी आजूबाजूच्या खड्यांसारखीच दिसतात, त्यामुळे ती दिसत नाहीत हाच ती असल्याचा पुरावा. साहेबांनी हेही लिहून घेतलं, जरा जोरात.

तिसऱ्या खुंटीला एकटं मोठं झाड होतं. म्हणजे असायला हवं होतं. झरा आटू शकतो, अंडी लपू शकतात, पण झाड का दिसत नाही याचं कारण सुचायला डोकं लागतं, आणि माझं तोपर्यंत उन्हाने तापलं होतं. मी म्हटलं, पुढे चला साहेब, पुढे जास्त महत्त्वाचं आहे. पुढे काय आहे याची मला स्वतःलाही उत्सुकता होती.

खुंट्यांची ओळ वळली आणि एका घराच्या मागच्या अंगणात शिरली. कुंपण मोडकं होतं. अंगणात काकडीचा वेल होता, दोरीवर कपडे वाळत होते, आणि न्हाणीघराच्या भिंतीतून एक फुटका पाइप साबणाचं पाणी थेट माळावर सोडत होता. ते पाणी बघून मला एकदम हुरूप आला. सकाळपासून हा पहिला ठोस पुरावा मिळत होता.

“बघा साहेब,” मी म्हणालो, “असे लोक असतात. यांना निसर्गाची काडीची पर्वा नाही. एक पाइप बदलायला काय लागतं? पण नाही. घरात कुणी कर्ता पुरुष आहे की नाही कोण जाणे.”

साहेबांनी मान डोलावली. त्या दिवशी आमचं प्रथमच एकमत झालं. तेवढ्यात माझं लक्ष दोरीवरच्या बनियनकडे गेलं. त्याला खांद्यापाशी निळ्या दोऱ्याने रफू केलेलं होतं. असंच रफू माझ्या बनियनला आहे, असा विचार माझ्या मनात येतोय तोवर मागचं दार उघडलं आणि बायको बाहेर आली.

(स्वतःचं घर मागून कसं दिसतं हे किती पुरुषांना ठाऊक असतं, याची कुणी तरी मोजणी करायला हवी. मी एकटा नसणार.)

साहेबांनी तिला विचारलं, की बाई, हे घर कुणाचं. तिने माझ्याकडे बोट केलं. “यांचं,” ती म्हणाली, “आणि तो पाइप मी गेल्या उन्हाळ्यापासून सांगतेय.”

साहेब माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांची नजर काकडीच्या वेलावर गेली. वेल ज्या खुंटीवर चढवला होता तिला लाल फडकं होतं. बायकोने सांगितलं, की सकाळी दोन गडी येऊन ठोकून गेले, तिला वाटलं नवऱ्यानेच पाठवले असतील, म्हणून तिनेच त्यांना जरा वेलाजवळ ठोका म्हणून सांगितलं आणि वर पाणीही दिलं. साहेबांनी नकाशा मागितला. बिल्डरच्या माणसाने तो उलगडायला फार वेळ लावला. आमचं घर जिथे आहे तिथे नकाशावर ‘मोकळी जागा’ लिहिलेलं होतं, आणि वसाहतीचा एकुलता एक रस्ता आमच्या न्हाणीघरातून आत जात होता. तो म्हणाला, की रस्ता थोडा इकडेतिकडे सरकवता येईल, आणि माळ तरी काय, पडीकच आहे, तिथे कुणी जात नाही.

तेव्हा बायको पायरी उतरून खाली आली.

“मी जाते,” ती म्हणाली. “लग्न होऊन आले तेव्हापासून रोज जाते. घरात सकाळी उठल्यापासून मला सगळे काही ना काही मागतात. मुलं होती तेव्हा मुलं, सासूबाई होत्या तेव्हा सासूबाई, आता हे आहेत. माळावर मला कुणी काही मागत नाही. साहेब, तेवढी एकच जागा आहे. ती गेली तर मी कुठे जायचं?”

मला वाईट वाटलं. इतकी वर्षं तिचा व्यायाम चालला आहे असं मी चारचौघांत कौतुकाने सांगत होतो.

साहेबांनी टिपणवही मिटली आणि म्हणाले, “तुम्ही दाखवता का?”

तिने ओट्यावरचं दूध माझ्यावर सोपवलं आणि त्यांना घेऊन गेली. बिल्डरचा माणूस आणि मी मागच्या पायरीवर बसून राहिलो. मी त्याला चहा करून दिला. तो वाईट नव्हता. त्याने मला विचारलं, की तुम्ही खरंच इथेच राहता का, आणि हो म्हटल्यावर जरा सांत्वनाच्या सुरात म्हणाला, की होतं असं. तोवर दूध उतू गेलं.

दोघं परत आली तेव्हा साहेबांची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती आणि नवे बूट त्यांच्या हातात होते. चेहरा मात्र सुट्टी लागलेल्या माणसासारखा दिसत होता. झरा हंगामी नाही, ते मला म्हणाले. आणि टिटवीने त्यांच्या डोक्यावर झडप घातली, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

निकाल शाळेच्या हॉलमध्ये वाचून दाखवला गेला. सगळं गाव जमलं होतं. मास्तर आणि शिंपी पहिल्या रांगेत होते, कारण आता धोका टळला आहे अशी बातमी आधीच फुटली होती. साहेबांनी घसा साफ केला.

“हरकतदार क्रमांक एक यांनी दाखवलेल्या ठिकाणी त्यांनी सांगितलेली एकही गोष्ट आढळून आली नाही. त्यांना गावातलं स्वतःचं राहतं घरही ओळखता आलं नाही. सबब ते बाहेरगावचे असावेत असं समजून त्यांची हरकत फेटाळण्यात येत आहे.”

मग त्यांनी पुढे वाचलं, की पाहणीत भेटलेल्या एका स्थानिक बाईंचं म्हणणं मात्र जागेवर पडताळून खरं आढळलं, वसाहतीला रस्ता उपलब्ध नाही, माळ संरक्षित आहे तो तसाच राहील, आणि बांधकामाचा प्रस्ताव नामंजूर. टाळ्यांनी हॉल दणाणला. बायकोला उभं राहायला लावलं. शिंप्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि गावात किती दिवस मुक्काम आहे म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर उघडतोय तोच बायको समोर येऊन उभी राहिली. आज ती एकटी निघालेली दिसत नव्हती.

“चला पाहुणे,” ती म्हणाली. “गावात आलाच आहात, तर आमचा माळ बघून घ्या.”

मला बरं वाटलं. जिथे तिला कुणी काही मागत नाही अशा ठिकाणी ती मला आपणहून नेत होती. मी पेपर ठेवला, काहीही मागायचं नाही असं मनाशी पक्कं केलं, चपला घातल्या आणि रुबाबात दार उघडून बाहेर पडलो. दहा पावलं गेल्यावर लक्षात आलं, की ती बरोबर नाही. वळून पाहिलं तर ती घरातच उभी होती.

“अहो,” तिने शांतपणे सांगितलं, “तो बसस्टॉप आहे.”