चाल: स्वतंत्र

माझ्या मेव्हण्याच्या वरातीत नवरदेव घोड्यावर बसलेला, बायका नाचायच्या तयारीत, आणि दावीद मास्तरांनी बँड थांबवला. क्लॅरोनेटवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "मूळ चाल कुणाची, ठाऊक हाय का?" त्याला ठाऊक नव्हतं. मग ती कोणत्या जुन्या भजनातून उचलली आहे, ते मास्तरांनी भर रस्त्यात गाऊन दाखवलं. घोडा तेवढा वेळ गप उभा राहिला, हे घोड्याचे उपकार.

दावीद मास्तर राहुरीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेत. रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवतात आणि उरलेले सहा दिवस चोर पकडतात. दूधवाल्याची रिंगटोन असो की कचरागाडीचं गाणं, मास्तर मान तिरकी करून दोन ओळी ऐकतात आणि निकाल देतात, "चोरीची हाय!" त्यावर अपील नसतं. शाळेत तीस वर्षं शुद्ध मराठी शिकवलेला हा माणूस, पण चोर सापडला की त्यांची भाषा थेट गावाकडे पळते.

त्यांच्या रागामागे तत्त्व आहे. त्यांच्या चर्चच्या गीतपुस्तकात प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'चाल' असं लिहून, ती कुठल्या गाण्यावरून घेतली ते छापलेलं असतं. "घ्या की! कोन नको म्हनतंय? पर वर लिवा. आमचे म्हातारे लिवत हुते, ह्यांच्या हाताला काय झालंय?"

त्या पुस्तकातलं सदतिसावं गाणं खुद्द मास्तरांचं. नाताळचं, गव्हाणीतल्या बाळाचं. त्याच्या डोक्यावर छापलं होतं, 'चाल: स्वतंत्र'. सबंध पुस्तकात असं एकच. पाहुणा आला की चहाच्या आधी ते पान उघडायचं. मी ते निदान वीसदा पाहिलं आणि वीसही वेळा नवल केलं. शेजारधर्म म्हणून काही असतो. पान उघडलं की मार्थाबाई, म्हणजे मास्तरांची बायको, न बोलता चहा टाकायला आत जायच्या. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. आता चहा मास्तरच करतात आणि साखर विसरतात.

गेल्या हंगामात कारखान्याकडे जाणारा उसाचा ट्रॅक्टर आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला. मागे दोन ट्रॉल्या, पुढे दोन भोंगे, आणि भोंग्यांतून कुणाच्या तरी झुमक्यांवरचं नवं गाणं. त्या महिन्यात दर हळदीला तेच वाजत होतं म्हणे. मास्तर फाटकात उभे होते. त्यांची मान तिरकी झाली आणि तशीच राहिली. मग ते चपला न घालता ट्रॅक्टरमागे चालू लागले, ते पार पेट्रोलपंपापर्यंत.

परत आले ते थेट आमच्या ओट्यावर. "माझी हाय," म्हणाले. "गव्हानीतल्या लेकराच्या कानात झुमके घातले की रं त्यांनी!"

आणि खरंच, चाल तीच होती. रविवारी चर्चमध्ये पाळकांनी मास्तरांना न्याय मिळावा म्हणून प्रार्थना केली. माझा आतेभाऊ नगरला वकील. त्याने सांगितलं, जुना पुरावा आणा, आणि चाल तुमचीच आहे, कुणाची घेतलेली नाही, असं प्रतिज्ञापत्र द्या.

"लिवून देतो की! चाळीस वर्सं छापून येतंय." मास्तरांच्या चेहऱ्यावर मी एवढं तेज कधी पाहिलं नव्हतं. मार्थाबाई गेल्यापासून तर नाहीच.

पुरावा होता. ज्या दिवशी चाल बसवली, त्या दिवशीची कॅसेट ट्रंकेत होती. चालू टेप फक्त माझ्याकडे, म्हणून रविवारी दुपारी आम्ही दोघं आमच्या ओट्यावर बसलो.

आधी नुसती खरखर. मग भाकरी थापल्याचा आवाज आणि त्या थापेवर एका बाईचं गुणगुणणं. मग तरुण मास्तर म्हणाले, "मार्था, काय म्हनत हुतीस? परत म्हन."

"कुठं काय? आसंच आपलं."

"न्हाई न्हाई, म्हन."

थाप थांबली. बाईंनी सबंध चाल गुणगुणली. मागून पेटी चाचपडत आली आणि एके ठिकाणी चुकली. "तिथं वर जातंय," बाई म्हणाल्या. पेटी वर गेली.

मास्तरांनी बटण दाबलं.

"मला वाटायचं मलाच सुचली," ते म्हणाले. "खरंच वाटायचं."

मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, "मास्तर, सुरुवातीचं सोडून पुढचंच वकिलाला देऊ." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, क्लॅरोनेटवाल्याकडे पाहिलं होतं तसं.

"चोरीची हाय," ते हळू म्हणाले. "दर नाताळाला पहिल्या रांगंत, माझ्या म्होरं उभी राहून म्हनायची. एका शब्दानं बोलली न्हाई."

वकील म्हणाला, मग बाईंच्या नावाने लढू. मास्तर म्हणाले, "तिला इचारायला पायजे हुतं. ऱ्हाऊनच गेलं." प्रतिज्ञापत्र तिथेच थांबलं.

पण त्याच सुमारास गीतपुस्तक नव्याने छापायला गेलं होतं. मास्तर स्वतः छापखान्यात गेले आणि सदतिसाव्या गाण्यावरची ओळ बदलून आले: 'चाल: मार्थाची'. छापखानेवाल्याने विचारलं, हा कुठला पिक्चर? मास्तर म्हणाले, "आमच्या सैपाकघरातला."

हंगामाच्या शेवटी शेवटी तो ट्रॅक्टर पुन्हा आला, तेच झुमके वाजवत. मी धसकून बाहेर आलो. मास्तर फाटकात उभे होते, मान तिरकी. त्यांनी हात करून ड्रायव्हरला थांबवलं.

"आवाज वाढव की जरा," ते म्हणाले.